बातमी कुणी फोडली

सरांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला तेव्हापासून मी त्यांच्याकडे स्वयंपाकाबरोबर वाचायचंही काम करते. सर निगडी प्राधिकरणात राहतात. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेत. त्यांचे वडील पिंपरीतल्या एका जुन्या कारखान्यात लेथवर होते, त्यामुळे शिफ्ट म्हणजे काय, ब्रेक म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नाही. बाईसाहेब वारल्या, मुलगी परदेशात असते. सकाळी आठला मी जाते, कणीक मळून झाकून ठेवते आणि ती मुरेपर्यंत स्टुलावर बसून सरांनी लिहिलेले कागद त्यांनाच वाचून दाखवते. जाड स्केचपेननं ते मोठमोठ्या अक्षरांत लिहितात, एका कागदावर दहा-बारा ओळी. लिहिता येतं, पण लिहिलेलं परत दिसत नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. जोडाक्षर आलं की मी अडते. पहिल्या दिवशी मला घाम फुटला होता. सर म्हणाले, "सावकाश वाचा ताई. घाईनं वाचलं की चुकीचं वाक्यसुद्धा बरोबर वाटतं."

पुस्तक अमेरिका आणि रशियाच्या हेरांवर आहे. हे दोन देश चाळीसेक वर्षं एकमेकांवर डोळे वटारून बसले होते, समोरासमोर लढले मात्र नाहीत, त्याला शीतयुद्ध म्हणतात, हे मला तिथंच कळलं. हेर म्हटलं की मला वेषांतर आणि विषाची कुपी एवढंच ठाऊक होतं. सरांच्या कागदांत तसलं फार थोडं आहे. त्यांना छळणारी गोष्ट वेगळीच. बातमी गेली हे कळलं, मग पुढं जे झालं ते त्या बातमीमुळे झालं, की ते तसंही होणारच होतं?

अमेरिकेनं बॉम्ब बनवला, त्याचे कागद रशियाच्या माणसांनी पळवले. एवढं पक्कं आहे, सर सांगतात. पण त्यावर इतिहास लिहिणारे अजून भांडतात. एक म्हणतो, त्या चोरीमुळे रशियाची वर्षं वाचली. दुसरा म्हणतो, त्यांचे शास्त्रज्ञ तयारीचे होते, थोडं उशिरा केलं असतं इतकंच. मी विचारलं, मग खरं काय? सर म्हणाले, झालेलं पुराव्यानं सांगता येतं, न झालेलं कशानं सांगणार. मला तेव्हा हे उगाच डोकं शिणवणं वाटलं. पोळ्या लाटायला उठले.

आता वाटतं, तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं. ऐकून काय केलं असतं, ते मात्र सांगता येत नाही.

आम्ही तळवड्याला राहतो. एका मालकाच्या बारा खोल्या, सहा इकडं सहा तिकडं, मध्ये नळ. त्यातले दहा पुरुष इंद्रायणीच्या पुलापलीकडे, निघोज्याच्या बाजूला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एकाच कंपनीत होते. सगळे कॉन्ट्रॅक्टवर. कुणी सहा वर्षं, कुणी नऊ वर्षं. मध्येच ब्रेक द्यायचा आणि परत नव्यानं घ्यायचं, म्हणजे माणूस कधी जुना होतच नाही. माझा नवरा त्यांत होता. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे भाऊजीही होते. ते उदगीरकडचे, आम्ही सांगोल्याचे. आम्ही एकाच महिन्यात इथं राहायला आलो. माझ्या बाळंतपणात रिक्षा मिळेना तेव्हा त्यांनी रस्त्यात उभं राहून दुधाचा टेम्पो थांबवला होता. त्यांची बायको मला अक्का म्हणते. मिक्सर आम्हा दोघींत एकच होता, तिच्या खोलीत असायचा.

पुरुषांनी ठरवलं की एका गुरुवारी पहिल्या शिफ्टला आत जायचं आणि मशीनजवळ बसून राहायचं. दोन दिवस उठायचं नाही. ठरवणारे मुख्य म्हणजे मामा. ते वयानं मोठे, सगळेच त्यांना मामा म्हणतात. पंधरा दिवस आधी तारीख ठरली. फोनवर बोलायचं नाही, ग्रुपवर टाकायचं नाही, बायकांना सांगायचं नाही. पण दोन दिवस आत बसायचं तर खायला पाहिजे. कँटीन तर बंद करणारच. म्हणून मंगळवारी नवरा मला म्हणाला, गुरुवारी पहाटेपर्यंत दहा जणांच्या कडक भाकरी लागतील, दोन-दोन दिवस पुरतील इतक्या. आमच्याकडे ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर वाळवून कडक करतात, ती आठ-आठ दिवस टिकते. खोल्यांत ती मलाच येते. कशाला पाहिजेत, असं मी विचारलं नाही. न विचारताच समजलं होतं.

त्याच दुपारी मी ज्वारी घेऊन गिरणीत गेले. नेहमी पत्र्याचा एक डबा नेते. त्या दिवशी दोन डबे आणि एक पिशवी होती. गिरणीवाला तळवड्याचाच जुना माणूस. सगळ्या बायकांशी बोलतो. म्हणाला, "लगीन हाय काय घरात?" माझ्या तोंडून गेलं, "नाही, भाकरी करायच्यात, गुरुवारसाठी. दोन दिवस पुरल्या पाहिजेत." तो म्हणाला, "बारीक दळू का मध्यम?" मी म्हटलं, बारीक.

एवढंच बोलणं. त्या गिरणीवाल्याच्या धाकट्या भावाच्या बसेस त्याच कंपनीला लावलेल्या आहेत, हे मलाच काय, अख्ख्या तळवड्याला माहीत होतं. त्या क्षणी ते माझ्या डोक्यात नव्हतं.

गुरुवारी हे दहा जण भाकरी फडक्यात बांधून गेले. गेटावर यादी चिकटवलेली होती. यादीतल्यांना आत घ्यायचं नाही, असं गार्ड म्हणाला. काचेतून दिसत होतं की आत मशीनवर दुसरीच माणसं उभी आहेत, नवीन बूट घातलेली. म्हणजे कंपनीनं आधीच तयारी केली होती. यादीत नऊ नावं होती. भाऊजींचं नव्हतं.

सगळं तिथून सुरू झालं.

भाऊजी त्या दिवशी आत गेलेच नाहीत. तुम्ही बाहेर तर मीही बाहेर, म्हणून गेटासमोर यांच्यात बसले. पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, हा बसलाय ते ऐकायला बसलाय. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी आठवलं की सोमवारी त्यांना ऑफिसात बोलावलं होतं. खरंच बोलावलं होतं. पीएफच्या कागदावर सही राहिली होती म्हणून, असं ते म्हणाले. कागद दाखव, बाकीचे म्हणाले. कागद तर ऑफिसानं ठेवून घेतला, माझ्याजवळ कसा असेल, असं ते म्हणाले. मग मामांनी बिडी विझवली, आणि माझा नवरा म्हणाला, "तुझंच नाव कसं राहिलं रे?"

याचं उत्तर कुणालाच देता आलं नसतं. आपलं नाव का घातलं हे एक वेळ विचारता येतं, का घातलं नाही हे कुणाला विचारायचं?

चौथ्या दिवशी ते कामावर गेले. घरात दोन मुली. गेले म्हणून मग सगळ्यांची खात्रीच पटली.

नऊ जणांना कंपनीनं परत घेतलं नाही. कुणी भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये लागलं, कुणी मोशीला गोडाऊनवर. माझा नवराही भोसरीला लागला, आधीपेक्षा कमी पगारावर, उभ्यानं काम. संध्याकाळी सगळे नळापाशी जमले की एकच विषय. "भावा, आपल्यातलाच निघाला." कुणी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचं, "हळू बोला रे, भिंतीला पगार चालू आहे." मग हसायचे. भिंतीपलीकडे भाऊजींची बायको भांडी घासत असायची. घासायचा आवाज थांबायचा.

त्याच आठवड्यात सरांकडे मी एक कागद वाचला. रशियाच्या वरच्या लोकांना भीती बसली होती की अमेरिका आणि तिचे मित्र अचानक बॉम्ब टाकणार. त्यांनी दूरदेशी बसलेल्या आपल्या हेरांना हुकूम दिला, सरकारी कचेऱ्यांत उशिरापर्यंत किती खिडक्यांत दिवे असतात ते मोजा. जास्त दिवे म्हणजे तयारी चालली. हेरांना स्वतःला ते पटत नव्हतं. दिवे झाडूपोछावाल्यांसाठीही लावतात, हे त्यांना दिसत होतं. पण हुकूम म्हणून ते आकडे पाठवत राहिले. वरचे लोक आकडे बघून आणखी घाबरत राहिले.

वाचता वाचता मी थांबले. सरांना वाटलं जोडाक्षर आलं. ते म्हणाले, "अक्षर लावून बघा." अक्षर सोपंच होतं. मला गिरणीतले दोन डबे आणि पिशवी दिसत होती. जास्त दिवे म्हणजे तयारी. जास्त पीठ म्हणजे तयारी. आणि मी तर दिवस पण सांगितला होता, किती दिवस तेही सांगितलं होतं.

त्या दिवशी पोळ्या करपल्या. सरांनी करपलेल्याच खाल्ल्या.

पुढच्या कागदांवर अमेरिकेतली गोष्ट होती. तिथं काही वर्षं हेर शोधायचं इतकं वेड लागलं की कारकून, मास्तर, नाटकवाले, कुणावरही संशय यायचा. नोकऱ्या गेल्या, शेजारी बोलेनासे झाले. नंतर लिहिणाऱ्यांनी बरीच वर्षं असं लिहिलं की हे सगळं खोटं होतं, भीतीपोटी होतं. मग खूप वर्षांनी रशियाच्या जुन्या गुप्त तारा उलगडून बाहेर आल्या, आणि त्यांतून दिसलं की हेर खरोखर होते, काही ठिकाणी बरेच वरपर्यंत होते. मग परत भांडण. काही म्हणाले, बघा, संशय घेणारेच बरोबर होते. सरांनी खाली लिहिलं होतं, आणि मी ते दोनदा वाचलं, "हेर होते हे सिद्ध झाले. ज्यांना हेर म्हटले ते हेर होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही."

मी सरांना विचारलं. पुस्तकाचंच विचारतेय असं दाखवून विचारलं. म्हटलं, ज्याच्या तोंडून बातमी गेली त्याला ती बातमी आहे हेच कळलं नसेल, तर त्याला काय म्हणायचं?

सर म्हणाले, "त्याला काय म्हणायचं हे नंतर. आधी ती बातमी पोचली का ते बघायचं. आणि पोचली तेव्हा समोरच्यानं आधीच ठरवलेलं होतं का, ते बघायचं. बहुतेक वेळा मोठी माणसं आधी ठरवतात आणि मग त्याला जुळेल तेवढीच बातमी उचलतात."

"ते कसं कळतं?"

"दप्तर उघडलं तर कळतं. नाही उघडलं तर नाही."

आमच्या कॉन्ट्रॅक्टरचं दप्तर कोण उघडणार होतं?

रविवारी नवरा आरशासमोर दाढी करत होता तेव्हा मी त्याला सांगितलं. गिरणीतलं सगळं. तो आधी हसला. म्हणाला, "दळणावरून कंपनीला संप कळला? काहीही." मग ब्लेड गालावर तसंच राहिलं. बसेस कुणाच्या, हे त्याला आठवलं असणार. त्यानं तोंड धुतलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, हे परत कुणापुढं बोलायचं नाही. नऊ जणांच्या नोकऱ्या गेल्यात. आपण राहायचं कुठं, याचा विचार कर.

मी म्हटलं, मग भाऊजींनी राहायचं कुठं?

तो म्हणाला, "त्यानं नाही केलं कशावरून?"

मला वाटलं होतं की त्या दिवसानंतर नवरा तरी नळापाशी गप्प बसेल. तो गप्प बसला नाही. उलट जास्त बोलायला लागला. मी स्वतःच्या माणसावर रागवायलाही शिकलेले नाही. मी फक्त खिडकी लावून घ्यायचे.

हळूहळू खोल्यांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं. कुणी ठरवून सांगितलं नाही. तिचा हंडा नळाखाली असला तर बाकीच्या लांब उभ्या राहायच्या, आणि तो भरला की कुणीतरी नळ आधी पाण्यानं खळबळून धुवायची. मुलींना वाढदिवसाला बोलावणं बंद झालं. मी मिक्सर आणायला गेले की ती दारातच देई, आत ये म्हणेना. एकदा म्हणाली, "अक्का, तुम्ही येत जाऊ नका. तुम्हाला पण बोलतील." तिची मान खाली होती. माझीही होती.

असे दोन महिने गेले. मग एका सुट्टीच्या दुपारी मामांच्या खोलीपुढं सगळे जमले होते, कुणीतरी युनियनच्या ऑफिसात अर्ज द्यायचं म्हणत होतं. मी चहाचा ट्रे घेऊन गेले होते. चहा देऊन झाला आणि मी तिथंच उभी राहिले. इतक्या पुरुषांपुढं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "मामा, भाऊजींनी नाही सांगितलं. माझ्याकडून गेलं. गिरणीत मी बोलले, गुरुवारी दोन दिवसांच्या भाकरी लागतात म्हणून."

सगळे बघत राहिले. मग एक जण म्हणाला, "म्हणजे वहिनी, आता गिरणीपण मॅनेजमेंटची. उद्यापासून जात्यावर दळा राव." हशा पिकला. मामा हसले नाहीत. ते अगदी मायेनं म्हणाले, "पोरी, तुझं मन मोठं आहे. शेजारधर्म आहे, कळतं मला. पण त्याचं पाप तू अंगावर घेऊ नको."

मी म्हटलं, खरंच सांगते, शपथ घेते.

तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "बाईला शिकवून पाठवलंय त्यानं."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याला खरं माहीत होतं. तो कपातल्या चहाकडे बघत होता.

इतके दिवस मला भीती होती की मी सांगितलं तर काय होईल. सांगून काहीच होणार नाही, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. सर एकदा म्हणाले होते, पकडलेले हेर पुढं कबुल्या देतात, आठवणी लिहितात, पण दुसऱ्या पुराव्याची जोड असल्याशिवाय ते तसंच्या तसं धरायचं नसतं. प्रत्येकाला काहीतरी झाकायचं असतं किंवा मिरवायचं असतं. बरोबर आहे ते. पण मी काय मिरवत होते?

दुसऱ्या दिवशी भाऊजी आमच्या दारात आले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. नवरा कामाला गेला होता. आत आले नाहीत, चौकटीला हात लावून उभे राहिले.

"वैनी, तुम्ही कशाला मधी पडलाव? आता म्हणतेत मीच तुम्हाला धाडलं."

मी रडायला लागले. ते थांबले. मग हळू आवाजात विचारलं, "खरंच बोललाव का गिरणीत?"

मी हो म्हटलं. त्यांच्या तोंडावर राग येईल असं मला वाटलं होतं, आला असता तर बरं झालं असतं. पण त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, मग चला, गिरणीवाल्याला विचारू. तो भावाला बोललो म्हणाला की मामांपुढं आणू त्याला.

आम्ही दोघं गेलो. गिरणी चालू होती. त्यानं पट्टा थांबवला, अंगावरचं पीठ झटकलं. मी विचारलं, तुम्हाला आठवतं का, मी दोन डबे आणले होते. त्याला डबे आठवत होते. बोलणं आठवत नव्हतं. "बोलली आसशील, व्हय. पर या आवाजात मला काय ऐकू येतंय पोरी? बायका काय बोलतात त्याला मी नुसता व्हय व्हय करतो."

भाऊजींनी विचारलं, भावाला काही बोलला होता का?

त्याचा चेहरा एकदम बदलला. म्हणाला, "भावाचं नाव काढू नका. जमिनीची वाटणी झाल्यापासून त्याचं-माझं तोंड बघणं न्हाई. त्याच्या बसखाली मी मेलो तरी त्याला कळवू नका, आसं पोरांना सांगून ठेवलंय."

खरं बोलत होता की खोटं, मला कळलं नाही. पिठानं सगळा चेहरा पांढरा, त्यात काही दिसत नव्हतं. पण तो बोलला नसेल तर बातमी माझ्याकडून गेलीच नव्हती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. परत येताना भाऊजी माझ्या पुढं दहा पावलं चालत होते. त्यांची पाठ बघून मला कळलं की त्यांच्या हातात एकच धागा होता, तोही गेला. माझा दोष ठरला असता तर ते सुटले असते. आता मीही दोषी नाही, आणि सुटका कुणाचीच नाही.

त्या आठवड्यात मी सरांना सगळं सांगितलं. पुस्तकाचं निमित्त न करता, माझं म्हणून सांगितलं. सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, त्या लोकांशी मी येऊन बोलू का? मग स्वतःच म्हणाले, पण माझं कशाला ऐकतील, तुम्ही माझ्याकडं कामाला, मी तुमच्याच बाजूनं बोलणार. मी विचारलं, सर, तुमच्यासारख्यानं हे लिहायचं झालं तर काय लिहील? ते बराच वेळ बोटांनी टेबलाची कड चाचपत होते. "एवढंच लिहीन की बातमी कुणी दिली ते कळत नाही. दिली की नाही, तेही कळत नाही. कुणाचं काय गेलं, ते कळतं."

मग त्यांनी पेन मागितलं. मी दिलं. त्यांनी काही लिहिलं नाही.

दिवाळीनंतर भाऊजींनी खोली सोडली. छोटा टेम्पो आला होता. कपाट उचलायला चौथा माणूस पाहिजे होता, नळापाशी पाच-सहा जण उभे होते, कुणी हललं नाही. शेवटी मी आणि ती, आम्ही दोघींनी एका बाजूनं धरलं. मिक्सर तिनं माझ्या दारात ठेवला. मी म्हटलं, घेऊन जा, तुलाच लागेल. ती म्हणाली, नको अक्का, आधीच सामान जास्त झालंय. त्यांच्या धाकटीनं टेम्पोतून मला हात केला. मी केला की नाही, आठवत नाही. नवरा त्या वेळी घरात पडून होता, झोपलेला नव्हता.

उन्हाळ्यात त्या खोलीत नवीन भाडेकरू आला. जालन्याकडचा तरुण, लग्न नुकतंच झालेलं. त्याच कंपनीत कामाला. त्याच्या बायकोला मी भाकरी शिकवत होते तेव्हा तो सहज बोलला की तो कसा लागला. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरनं त्यांना पंधरा जणांना एकदम उचललं होतं. शनिवारी बोलावून पास दिले, बूट दिले, आणि सांगितलं की गुरुवारी पहाटे यायचं, तोवर कुणाला बोलायचं नाही. मी विचारलं, कोणता गुरुवार? त्यानं सांगितलं. तोच.

शनिवारी. भाऊजींना ऑफिसात बोलावलं सोमवारी. मी गिरणीत गेले मंगळवारी.

मी परात तशीच ठेवून उठले. मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, आणि या वेळी त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. त्यानं त्या तरुणाला मामांपुढं नेलं, सगळं परत बोलायला लावलं. मला वाटलं, आता तरी. मामा वार बोटांवर मोजत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सोमवारच्या आधीपासूनच फुटला होता तो. मला वाटलंच होतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. नवऱ्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. घरी येताना म्हणाला, जाऊ दे, ते आता गेलेत ना इथून.

मी ते जाऊ देऊ शकले नाही. तिचा नंबर माझ्याकडे होता. दोन दिवस लागेना, तिसऱ्या दिवशी लागला. ते उदगीरजवळ तिच्या माहेरी होते. मी घाईघाईनं सांगत सुटले, शनिवारचं, पासचं, बुटांचं. आता सिद्ध झालं बघ, म्हटलं, त्यांनी नव्हतंच केलं. ती ऐकत होती. मध्ये एकदा मुलीला म्हणाली, दार लाव.

मग म्हणाली, "अक्का, तिथं त्यांच्यावर जे बोलतेत ते हितं पण कळलंय. गावातलं एक जण चाकणला असतंय, त्यानं सांगितलं. हितं बी कुणी त्यांना कामाला लावत न्हाई."

मी विचारलं, भाऊजींना देतेस का फोन, मी सांगते त्यांना.

ती म्हणाली, "ते फोन घेत न्हाईत कुणाचा. घरात पण बोलत न्हाईत. भाजीत मीठ कमी हाय का म्हणून विचारलं तरी आधी माझ्याकडं बघतेत, मी का विचारलालेय म्हणून."

फोन चालूच होता. तिच्याकडे शेळी ओरडत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, ठेवते अक्का, ते आले.